माळ्यावर सापडलेली जुनी, अपुरी लष्करी बंदूक: ओळख, कागद आणि जतन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वाड्याचा माळा उतरवताना आजोबांची बंदूक मिळाली. सगळ्यात आधी काय करायचे?

ती भरलेली आहे असे धरूनच हात लावा. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी भरायच्या बंदुका भरून ठेवायच्या आणि तशाच विसरायच्या, हे गावोगाव झालेले आहे. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. नळीचे तोंड माणूस, गुरे किंवा गॅसच्या सिलिंडरकडे नको. घोडा मागे ओढून बघू नका, चापाला बोट लावू नका. घोड्याखालच्या निपलवर (टोपी बसवायच्या पोकळ बोंडीवर) तांब्याची छोटी, ठिणगी पाडणारी टोपी बसलेली दिसली तर ती उचकटायची नाही. बंदूक आहे तिथेच राहू द्या आणि पोलीस ठाण्याला कळवा.

टोपी नसेल तर नळी आतून किती खोल आहे ते मोजा. बोटापेक्षा बारीक, सरळ, सव्वा मीटरची बांबूची काडी घ्या. तुराटी नको, ती आत मोडते. एका बाजूला उभे राहून काडी तोंडातून हळूच आत सोडा, टेकली की तोंडाशी खूण करा. मग तीच काडी नळीला बाहेरून लावून टोक कुठपर्यंत जाते ते पाहा. ते निपलच्या बुडापर्यंत पोचले तर नळी रिकामी. चार-पाच सेंटीमीटर अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे. ते कुंभारमाशीचे मातीचे घर असेल, चिंधीचा बोळा असेल किंवा दारू आणि गोळी असेल. बाहेरून फरक कळत नाही, म्हणून खरवडणे, ठोकणे, तापवणे यातले काहीही करायचे नाही. पाणी किंवा तेल ओतले म्हणजे दारू निकामी झाली, असेही धरू नका.

घरात ठेवली तर गुन्हा होतो का? ती तर मोडकी आहे.

मोडकी आहे एवढे पुरत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये सूट आहे. जुन्या घाटाचे, पुरातन मोलाचे किंवा नादुरुस्त हत्यार जर दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसेल, तर हा कायदा त्याला लागू होत नाही. यातले ‘दुरुस्ती करून’ हे शब्द नीट वाचा. घोडा नाही, निपल नाही, पण नळी शाबूत आहे, अशी बंदूक दुरुस्त होऊ शकते. तिला सूट आहे असे आपल्या मनाने ठरवता येत नाही. शिवाय याच कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही येतात, त्यामुळे नुसती नळी आणि लॉक (घोडा बसवलेली बाजूची यंत्रपट्टी) असले तरी प्रश्न उरतोच.

ठरवायचे काम परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचे. ग्रामीण भागात तो जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय. नागपूर आणि अमरावती शहरांत पोलीस आयुक्त. वापरण्याजोगी आहे की नाही यावर लागल्यास न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचे मत घेतले जाते. निर्णय लेखी घ्या. ‘साहेब म्हणाले चालते’ याला उद्या किंमत नसते.

मग ठाण्यात कसे जायचे? बंदूक पिशवीत घालून एसटीने नेली तर?

मुळीच नेऊ नका. आधी गावच्या पोलीस पाटलांना सांगा आणि त्यांच्यासोबत लेखी अर्ज घेऊन ठाण्यात जा. अर्जात कुठे, कधी, काय साफ करताना सापडली ते लिहा. लांबी, दिसणाऱ्या खुणा, कोणते भाग नाहीत हे लिहून चारही बाजूंचे फोटो जोडा. बंदूक कशी आणायची ते ठाणेदार सांगतील, किंवा पंचनामा करून तेच नेतील.

जमा करून घेतली तर पावती घ्या आणि जागेवरच वाचा. ‘एक जुनी बंदूक’ एवढेच लिहिलेली पावती कामाची नाही. त्यावर एकूण लांबी, नळीची लांबी, लॉकवरची अक्षरे, अंक आणि ‘गज (दारू ठासायची दांडी) नाही, नळी आवळणारी मधली कडी नाही’ असे स्पष्ट हवे. मालखान्यातून दोन वर्षांनी परत मिळेल तेव्हा तुमचीच बंदूक आहे हे सांगायला दुसरा पुरावा नसतो.

आजोबांच्या नावाचा परवाना होता. तो आपोआप माझ्या नावावर येतो का?

येत नाही. परवानाधारक वारला की ते हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचे असते, आणि वारसाने स्वतः अर्ज करायचा असतो. जुने परवाना पुस्तक, मृत्यूचा दाखला, वारस दाखला आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रे लागतात. भाऊबंदकीत जमिनीआधी बंदूक अडते ती याच शेवटच्या कागदावर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेलीही त्या दोनांत मोजली जाते.

पुस्तक सापडले नाही तरी पत्र्याची पेटी, देवघराचा कप्पा, जुन्या सातबाऱ्यांचा गठ्ठा धुंडाळा. रानडुक्कर आणि रोह्यांपासून पीक राखायला दिलेले ठासणीचे परवाने आपल्या विदर्भात बरेच होते. नूतनीकरणाचा एक जरी शिक्का मिळाला तरी जुनी नोंद शोधणे कारकुनाला सोपे जाते.

बंदूक माळ्यावर नाही, भिंतीत चिणलेली होती. फरक पडतो?

पडतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यात जमिनीत किंवा जमिनीशी जोडलेल्या कशातही दडवलेली मोलाची वस्तू येते, आणि मोल १० रुपयांपेक्षा जास्त असले की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. वरच्या अर्जातच ‘भिंतीच्या कोनाड्यात, लिंपणामागे’ असे खरे ते लिहा.

ही कोणती बंदूक आहे ते कसे ओळखायचे?

आधी बारूद कुठून भरतात ते पाहा. तोंडातून भरायची असेल तर ठासणीची. मागे उजवीकडे उघडणारे बिजागरीचे झाकण असेल तर स्नायडर, ही ब्रिटिश सैन्यात १८६६ पासून. चापाच्या कड्याखाली, मुठीला लागून खाली ओढायचा दांडा असेल तर मार्टिनी, १८७१ नंतरची. मागेपुढे सरकणारा बोल्ट आणि खाली गोळ्यांची पेटी असेल तर ली जातीची. ती .३०३ इंच व्यासाची असू शकते. .३०३ हा सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर (नळीचे माप) आहे. तिच्या बाबतीत पुढचे सगळे प्रश्न बाजूला ठेवा आणि आजच ठाण्यात कळवा.

ठासणीची असेल तर नळी लाकडी दस्त्याला कशी बांधली आहे ते बघा. दस्त्यातून आडव्या बारीक खिळ्यांनी अडकवलेली असेल तर ती बहुधा कंपनी सरकारच्या काळातली इंडिया पॅटर्न मस्केट, ज्याला ब्राऊन बेस म्हणतात. लोखंडी कड्यांनी आवळलेली असेल तर एन्फील्ड घराणे. एन्फील्डच्या बुडाची पट्टी, चापाचे कडे आणि दस्त्याच्या टोकाची टोपी पितळी, पण कड्या लोखंडी असतात. तीन कड्या, नळी ९९ सेंटीमीटर, एकूण लांबी १४० च्या आसपास, हे १८५३ पॅटर्नचे माप. दोन कड्या आणि सुमारे ८४ सेंटीमीटरची नळी असेल तर आखूड रायफल.

मग तोंडाचा आतला व्यास. जवळच्या आयटीआयच्या वर्कशॉपमधून व्हर्नियर कॅलिपर मिळवा आणि मापाआधी तोंडाची घाण कापडाने पुसा. साडेचौदा मिलिमीटरच्या जरासे वर (१४.६५) आले तर .५७७ इंच, म्हणजे एन्फील्ड रायफल. १६.७ च्या जवळपास आले तर .६५६. सुमारे १९ आले तर ब्राऊन बेसचे .७५. गंजाने किंवा गजाच्या घर्षणाने तोंड फाकलेले असते, म्हणून दोन-तीन दिशांनी मोजून सगळ्यात कमी आकडा धरा.

आत टॉर्च मारला तर नळी गुळगुळीत दिसते. आटे झिजून गेले असतील का?

बहुतेक वेळा आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, कधी नव्हत्याच. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती रायफल द्यायचे टाळले आणि १८५८ पॅटर्नची .६५६ व्यासाची, बिनआट्याची मस्केट काढली. बाहेरून ती एन्फील्डसारखीच दिसते, मागचा नेम (नेम धरायची नळीवरची खूण) मात्र साधा ठोकळा, उघडमीट नसलेला. बाहेरून एन्फील्ड आणि आतून गुळगुळीत दिसली की लोक ‘नकली’ म्हणून बाजूला ठेवतात. हिंदुस्थानच्या दृष्टीने खरी तर हीच जास्त बोलकी वस्तू. १८५३ पॅटर्नच्या रायफलच्या नळीत आटे असतील तर तीन दिसायला हवेत.

लॉकवर मुकुट, ‘टॉवर’ हा शब्द आणि एक साल आहे. ही १८५७ च्या बंडातली म्हणायची का?

ते साल लॉक बनल्याचे. टॉवर १८६२ असे असेल तर ती १८५७ मध्ये कुणाच्या हातात असू शकत नाही, घरात काहीही सांगत असोत. तसेच टोपीची बंदूक ‘गाविलगडच्या लढाईतली’ म्हणून दाखवतात. गाविलगड किल्ला पडला १८०३ च्या डिसेंबरात आणि ब्रिटिश सैन्यात टोपीच्या बंदुका आल्या १८४० च्या आसपास. चकमकीची (गारेच्या ठिणगीने पेटणारी) जुनी बंदूक पुढे टोपीची करून घेतलेली असू शकते. तसे असेल तर लॉकच्या पट्टीवर दारूच्या कानीचे (पेटवायची दारू ठेवायच्या वाटीचे) स्क्रू बसत ती भोके बुजवलेली दिसतात.

बाकी खुणा अशा वाचा. घोड्यामागे मुकुटाखाली व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या सरकारची. पुढच्या पायांत मुकुट धरून उभा सिंह म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची, १८०८ नंतरची. त्याआधी कंपनी चार खणांचे हृदय उमटवत असे. नळीवर बाणाच्या फाळासारखी खूण म्हणजे सरकारी माल, त्याखाली आय हे अक्षर म्हणजे हिंदुस्थानच्या लष्करी साठ्यातली. दोन फाळ टोकाला टोक लावून असतील तर ती सैन्यातून काढून विकलेली. मालगुजारांच्या आणि देशमुखांच्या घरांत अशीही बंदूक आलेली असू शकते. नळीवर २५ हा आकडा बर्मिंगहॅमच्या खासगी कारखान्यांच्या मालावर दिसतो. तो .५७७ व्यासाच्या नळीचा गेज, म्हणजे मापाचा आकडा आहे, अनुक्रमांक नाही.

नक्कल ओळखायला अक्षरे बघा. मुकुट वेडावाकडा, एन उलटा, टॉवरचे स्पेलिंग चुकलेले आणि सगळ्या खुणा सारख्याच खोलीच्या असतील तर ती वायव्य सरहद्दीकडची जुनी नक्कल किंवा हल्ली बाजारासाठी बनवलेली शोभेची वस्तू.

अक्षरे वाचता येत नसतील तर घासू नका. खोली अंधारी करा, मोबाइलचा टॉर्च पट्टीला जवळजवळ समांतर धरा, दुसऱ्या मोबाइलने फोटो काढा. गंजाखालचा मुकुट सावलीने उठून येतो. तुलनेसाठी नागपूरच्या अजब बंगल्यातले शस्त्रांचे दालन एकदा बघून या. १८६३ चे हे संग्रहालय आपल्या भागातल्या माणसाला सर्वांत सोयीचे.

दस्ता सागाचा वाटतो. मूळ असेल का?

ब्रिटिश दस्ते अक्रोडाचे. साग किंवा शिसम असेल तर तो बहुधा नंतर इथेच बसवलेला आहे. फेकू नका. गावच्या सुताराने लॉकसाठी पटाशीने कोरलेला खाचा हाही त्या बंदुकीचा इतिहासच आहे, आणि आज अक्रोडाचा ‘मूळ’ दस्ता आणून चढवला तर तो इतिहास पुसला जातो.

कोणते भाग नेहमी हरवलेले असतात, आणि ते बसवून घ्यावेत का?

गज सर्वांत आधी जातो, कुठेतरी पोथीच्या पडद्याची दांडी झालेला असतो. मग निपल, मागच्या नेमाची उभी पट्टी, मधली कडी, पट्ट्याच्या कड्या, लॉकच्या स्क्रूंखालच्या पितळी वाट्या. घोडा नसेल तर तो कधीतरी मुद्दाम काढून टाकलेला असू शकतो.

आमचे मत स्पष्ट आहे: बंदूक उडवण्याशी ज्याचा संबंध आहे तो भाग बसवायचा नाही. निपल, घोडा, लॉकमधली कमान (स्प्रिंग), नळीची बुचे यांना हातही नको. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती किंवा रूपांतर करता येत नाही, आणि दीडशे वर्षांच्या गंजक्या नळीवर कुणी विश्वास टाकू नये. नळी आतून कुठे पातळ झाली आहे ते डोळ्यांना दिसत नाही आणि फुटते तेव्हा निपलजवळ फुटते, म्हणजे डोळ्यापाशी. उलट बाजूही आहे. ‘निकामी करून टाकू’ म्हणून गावच्या वेल्डिंगवाल्याकडून नळीत वेल्ड मारून घेणे किंवा भोक पाडणे हेही रूपांतरच, आणि वस्तू कायमची बिघडते. निकामी करायचा हुकूम झालाच तर ते परवानाधारक शस्त्र कारागिराकडून आणि कागदावर व्हावे.

बाहेरून दिसणारे, उडवण्याशी संबंध नसलेले भाग भरता येतात. कडी किंवा पितळी वाटी करून घेतली तर आतल्या बाजूला चालू साल कोरा, म्हणजे पुढच्या पिढीला ती मूळची वाटणार नाही. हार्डवेअरचा मिलिमीटरचा स्क्रू जुन्या इंची आट्यात पिळू नका. दोन फेरे बसल्यासारखा वाटतो, तिसऱ्या फेऱ्याला जुने आटे कापून काढतो. त्यापेक्षा भोक रिकामे बरे.

साफ करण्यासाठी खोलायची कशी?

लेखी परवानगी किंवा सूट हातात आल्यावर आणि नळी रिकामी असल्याची खात्री झाल्यावर. प्रत्येक पायरीचा फोटो, प्रत्येक स्क्रू वेगळ्या पाकिटात.

स्क्रूंच्या डोक्यांवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंब टाकून एक रात्र थांबा. पेचकस खाचेत गच्च बसणारा हवा, नसेल तर त्याचे टोक कानसून घ्या. सैल पेचकस घसरला की खाच गोल होते, मग तो स्क्रू कुणालाच निघत नाही. आधी गज असेल तर काढा. डाव्या बाजूचे लॉकचे दोन स्क्रू चार-पाच फेरे सैल करा आणि त्यांच्या डोक्यांवर लाकडी दांड्याने हलके ठोका, दुसरीकडून लॉक समान उचलले जाते. लॉक पेचकसाने उचकटले तर दस्त्याची कड ढलपीसारखी उडते. पुढचा आणि मागचा स्क्रू सारखे समजू नका, पाकिटावर लिहा. मग कड्यांचे स्क्रू सैल करून कड्या तोंडाकडे सरकवा, नळीच्या शेपटाचा स्क्रू काढा, नळी तोंडाकडून उचला.

इथे थांबा. लॉक आतून सुटे करू नका. कमान ताणलेली असते, सुटली तर बोट फोडते. नळीचे मागचे बूच तर कधीच नाही.

गंज कसा काढायचा? लिंबू, चिंच, ग्राइंडर?

तिन्ही नकोत. आम्लाने गंजाबरोबर खुणाही जातात आणि धातू राखाडी, मेलेला दिसतो. ग्राइंडर किंवा बफ अर्ध्या मिनिटात मुकुट सपाट करतो. पॉलिश पेपरही नको.

सुटा, लाल गंज तेवढाच काढायचा. हलके मशीन तेल लावून रात्रभर ठेवा, मग सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलातच बुडवून हलक्या हाताने फिरवा. कापड लाल यायचे थांबले की तुम्हीही थांबा. जाड पापुद्रे जुन्या तांब्याच्या नाण्याच्या कडेने खरवडता येतात, तांबे लोखंडापेक्षा मऊ असल्याने ओरखडा पडत नाही. खाली राहिलेला काळा-तपकिरी थर घट्ट असतो, तो राहू द्या. पितळेला राख, चिंच, भांडी घासायची पावडर काही नको, मऊ कापड पुरे. शेवटी तेल कोरडे पुसून मेणाचा पातळ हात द्या: एक भाग मधमाशीचे मेण, तीन भाग टर्पेंटाइन, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवलेले, आणि ते चुलीपासून दूर, कारण टर्पेंटाइनची वाफ पेटते. खोबरेल तेल लावायची पद्धत आहे, पण ते खवट होते आणि पितळेवर हिरवे चढवते.

लाकूड वाळून तडकले आहे, उधईही लागली होती.

मे महिन्यात पंचेचाळीस अंशांची कोरडी हवा आणि जुलैत ओल, यात लाकूड आक्रसते आणि फुगते. नळी फुगत नाही, म्हणून भेग लॉकच्या खाचेपासून निघते किंवा मुठीपाशी. मुठीची भेग आधी कोरड्या ब्रशने साफ करा. जुन्या तेलावर सरस धरत नाही, ते थिनरच्या बोळ्याने पुसा. गरम सरस भेगेत उतरवा, सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटे रुंद पट्टी ताणून गुंडाळा आणि पूर्ण दिवस ठेवा. सरस पुढे गरम पाण्याने सोडवता येतो, म्हणून तो आधी. खूप ताण येणाऱ्या जागी सावकाश बसणारे इपॉक्सी चालते, पण ते कायमचे.

उधईच्या मातीच्या नळ्या ब्रशने काढा. भोकांतून ताजी पिठी पडत असेल तर कीड जिवंत आहे. धातू वेगळा करून लाकडाचे बिनरंगी कीडनाशक इंजेक्शनच्या सिरिंजने भोकात सोडा, हातमोजे घालून, अंगणात.

तेल जवसाचे. ब्रिटिश सैन्यातही दस्त्याला तेच लावत, आणि आपल्याकडे ते घाण्यावर मिळते. कच्चे तेल वाळायला कित्येक दिवस घेते, रंगाच्या दुकानातले डबल बॉइल्ड लवकर वाळते. एक चमचा तेल तळहाताने चोळायचे, वीस मिनिटांनी उरलेले सगळे पुसून काढायचे, एक-दोन दिवस मध्ये ठेवून तीन-चार हात. जास्त लावले तर वरचा थर चिकट राहतो आणि धूळ धरतो. करंजी, मोह किंवा शेंगदाण्याचे तेल असे वाळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचे. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून टाकली तर ती आपोआप तापते आणि पेटते. उन्हाळ्यात आणि घरात कापूस रचलेला असेल तर हा धोका फार मोठा. चिंध्या पाण्यात बुडवा किंवा अंगणात एकेरी पसरून कडक वाळू द्या.

ठेवायची कुठे?

आतल्या, कोरड्या भिंतीवर, नमद्याचा तुकडा लावलेल्या दोन आकड्यांवर आडवी, कुलपाच्या आत. मातीच्या भिंतीला टेकवू नका. गोणपाटात ठेवू नका, ते ओल धरते. चामड्याच्या म्यानातही नको, त्यातल्या रसायनांनी लोखंड गंजते आणि पितळ हिरवे होते. प्लास्टिकमध्ये घाम सुटतो. धुऊन खळ काढलेली सुती पिशवी चांगली. युरियाची पोती असलेल्या खोलीत मुळीच नको, पावसाळ्यात एका महिन्यात नळी फुलते. पावसाळ्याआधी आणि नंतर मेणाचा एकेक हात पुरतो. हात लावल्यावर पुसायला विसरू नका, घामाचा बोटाचा ठसा गंजून तसाच उमटतो.

दसऱ्याला पूजा करतो. हळद-कुंकू लावले तर चालते का?

ओले नको. पाणी शिंपडणे, ओले कुंकू, गेंदाच्या फुलांचा हार रात्रभर ठेवणे, याचे डाग पुढच्या दसऱ्यापर्यंत खोल जातात. पाटावर कापड अंथरून त्याखाली बंदूक ठेवा, हळद-कुंकू, सोने आणि फुले कापडावर वाहा.

विकता येईल का? चांगली किंमत सांगतात.

परवान्याशिवाय नाही, ना शेजाऱ्याला, ना फोनवरच्या अनोळखी ग्राहकाला. शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर पुरावशेष कायदा १९७२ प्रमाणे खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवताही येत नाही. ‘परदेशी संग्राहक आहे, कुरिअरने पाठवा’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. सांभाळणे होत नसेल तर शासकीय संग्रहालयाला देऊ करता येते. त्यासाठी आधी संग्रहालयाचे पत्र, मग परवाना अधिकाऱ्याची मंजुरी, आणि मगच बंदूक हलवायची.

बंदुकीबरोबर दारू ठेवायचे शिंग, टोप्यांची डबी आणि शिशाच्या गोळ्याही आहेत.

शिंग हलवून किंवा उघडून बघू नका. आत दारू उरलेली असेल तर बुचाच्या घर्षणानेही पेटू शकते. टोप्या जुन्या झाल्या म्हणून मेल्या असे नसते, डबी आपटली तरी धोका आहे. दोन्ही विड्या-काड्यांपासून आणि चुलीपासून दूर, पोरांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा, अर्जात त्यांचा वेगळा उल्लेख करा आणि नेण्याचे काम पोलिसांवर सोडा. गोळ्यांवर पांढरी पूड आलेली असते, ती शिशाची आहे आणि विषारी आहे. कागदाने उचला, हात साबणाने धुवा. गोळीचा व्यास मात्र मोजून ठेवा आणि नळीच्या मापाशी ताडून बघा. तो नळीपेक्षा जास्त भरला तर त्या गोळ्या या बंदुकीच्या नाहीत, घरात दुसरी बंदूक होती. माळ्याचा उरलेला कोपराही नीट बघा.